हिरवी खूण

माझी आत्या सदतीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत होती आणि तिथली बरीचशी वर्षं तिनं एकाच इंग्रजी शब्दाच्या मागे घालवली. हे सांगितलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात आणि मग माझं डोकं फिरतं. मी लाँड्री चालवतो. दिवसभर वाफेत उभा असतो, त्यामुळे माझं डोकं फिरायला तसंही फारसं काही लागत नाही.

तो शब्द म्हणजे ‘रन’. आत्याची कचेरी इंग्रजीचा स्पॅनिश कोश करायची. आमच्या भागात बोटींवरून उतरून इथेच राहिलेली स्पॅनिश बोलणारी माणसं भरपूर. कुणी गॅरेजमध्ये, कुणी दवाखान्यात, कुणी बेकरीत. त्यांना इंग्रजी कागद वाचावे लागतात आणि बाकीच्यांना त्यांचं बोलणं कळून घ्यावं लागतं, म्हणून तो कोश हातोहात खपायचा. आता ‘रन’ म्हणजे पळणं, एवढंच तुम्हाआम्हाला माहीत. पण इंग्रजीत माणूस पळतो तसं इंजिनही रन होतं, नळ रन होतो, सर्दीनं नाक रन होतं, दुकान रन करतात, निवडणुकीला उभं राहतात तेही रनच, आणि पायमोज्याचा धागा उसवून वर चढत गेला तर त्यालाही रनच म्हणतात. इंग्रजांनी एका शब्दाला गाढवासारखं राबवलंय. स्पॅनिशवाले तसे नाहीत. त्यांच्याकडे जवळजवळ प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवलाय. म्हणून आत्याच्या खणात एकट्या ‘रन’ची चौऱ्याण्णव कार्डं होती.

आणि कार्ड खणात जायचं तर आत्याचा एक नियम होता. पुस्तकात बघून शब्द लिहायचा नाही. ज्याचं ते काम आहे त्याच्याकडे जायचं, वस्तू समोर असू द्यायची, आणि तो आपसूक काय म्हणतो ते ऐकायचं. विचारायचंही नाही, सुचवायचं तर अजिबात नाही. माणसाच्या तोंडून शब्द पडला की मग कार्डाच्या कोपऱ्यात कोण, कुठे, कधी हे लिहायचं आणि हिरव्या शाईनं खूण करायची. हिरवी खूण म्हणजे ऐकलेलं कार्ड. ती खूण नसेल तर शब्द कितीही खात्रीचा असो, छापायचा नाही. कचेरीनं हा नियम पुढे सगळ्यांनाच लावला आणि शिकवायचं काम अर्थातच आत्याकडे आलं.

मला एका गोष्टीचा मात्र मनापासून राग होता. ही बाई शब्दासाठी अख्खं गाव पालथं घालायची. टायर पंक्चरवाल्याच्या दारात तासन्‌तास बसायची. पण माझ्या लाँड्रीत, सख्ख्या भाच्याच्या दुकानात, तिनं एकदाही कार्ड काढलं नाही. दर शनिवारी यायची, कपडे टाकायची, स्टुलावर बसून चहा प्यायची, घरच्या चौकशा करायची आणि जायची. माझ्याकडची इस्त्रीवाली अठरा वर्षं आहे, स्पॅनिश तिची मातृभाषा, आणि तोंड म्हणजे काय सांगू, बॉयलर बंद पडेल पण ते बंद पडणार नाही. तरी आत्या तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलायची नाही. मी एकदा टोमणा मारलाच, की आमच्या तोंडचे शब्द तुमच्या कोशाला चालत नसतील. आत्या कपातल्या चहाकडे बघत राहिली. मला वाटलं, लागलं असेल. लागू दे म्हटलं.

या वर्षी ती निवृत्त होणार होती. महिन्याची शेवटची तारीख, शुक्रवार. योगायोग असा की त्याच दिवशी पाच वाजता नवी आवृत्ती छापायला जायची होती. कचेरीच्या संपादकबाईंनी ठरवलं की निरोपाच्या वेळी मोठ्या खोलीत एक फळा लावायचा आणि त्यावर ‘रन’ची सगळी कार्डं टाचायची, म्हणजे नव्या पोरापोरींना कळेल काम कशाला म्हणतात. फळ्याला लावायचं हिरवं कापड धुऊन, इस्त्री करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी संध्याकाळी मी कापड घेऊन गेलो आणि शिपायाबरोबर टाचण्या मारायला लागलो.

टाचता टाचता वाचत होतो. एका कार्डावर कपड्याचा रंग जाण्याचं होतं. नवा लाल कपडा पांढऱ्याबरोबर पाण्यात पडला की होतं ते, इंग्रजीत त्यालाही रनच. स्पॅनिश शब्द लिहिला होता ‘देस्तिन्ये’. कोपऱ्यात हिरवी खूण, आणि त्याखाली आत्याच्या बारीक अक्षरात, ‘इस्त्रीवाली, भावाच्या लाँड्रीत’, पुढे सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख.

आधी मला इतका आनंद झाला की मी शिपायालाही बोलावून दाखवलं. आमचं दुकान! म्हणजे वडिलांच्या वेळी ती आली होती, शब्द घेऊन गेली होती, आणि मी वेडा उगाच डोक्यात राख घालून बसलो होतो. मग ती तारीख पुन्हा वाचली आणि हातातली टाचणी तशीच राहिली. त्या दिवशी दुकानात नवा बॉयलर बसत होता. दुकान बंद होतं. मी बावीस वर्षांचा होतो, पाइप धरताना माझा हात भाजला आणि तो डाग अजून मनगटावर आहे, ती तारीख मी मेलो तरी विसरणार नाही. आणि मुख्य म्हणजे त्या काळी आमच्याकडे इस्त्रीवाली नव्हतीच. वडील स्वतः इस्त्री करायचे, कारण दुसऱ्या कुणाच्या हातची घडी त्यांना पटायची नाही.

शिपाई पलीकडच्या बाजूला गेल्यावर मी ते कार्ड काढून खिशात घातलं आणि तडक आत्याच्या घरी गेलो.

तिची खोली म्हणजे एक पलंग, एक टेबल, खिडकीत दोन कुंड्या आणि बाकी सगळा कागद. ती टेबलाशी बसून भाजी निवडत होती. मी कार्ड समोर ठेवलं. तिनं ते उचललंही नाही. हातातली शेंग खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, ‘सापडलं एकदाचं. बस.’

मग तिनं सरळ सांगितलं, आडवळण न घेता. त्या वर्षी तिचं आणि माझ्या वडिलांचं भांडण झालं होतं. वडिलांनी गिऱ्हाइकांसमोर तिला सुनावलं होतं, की परक्यांचं बोलणं ऐकत गावभर फिरतेस, घरच्यांशी बोलायला तुला वेळ नाही. झालं, आत्यानं पाच महिने दुकानाची पायरी चढली नाही. हे मला अर्धवट माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. पहिली आवृत्ती त्या दिवशी छापायला जाणार होती आणि एकच कार्ड बिनखुणेचं उरलं होतं, नेमकं लाँड्रीचं. दुसरी लाँड्री जवळपास नव्हती. ती आमच्या कोपऱ्यापर्यंत आली. शटर अर्धं खाली होतं, आतून वडिलांचा आवाज येत होता, ते बॉयलरवाल्यांवर ओरडत होते. तिला वाटलं, आपण आत गेलो तर आता आपल्यावर ओरडतील. ती तिथूनच मागे फिरली. कचेरीत जाऊन पुस्तकातून शब्द उतरवला, आमच्या दुकानाचं लिहून टाकलं आणि हिरवी खूण केली. इस्त्रीवाली तिनं मनानंच उभी केली होती.

‘दादाशी पुढे सगळं ठीक झालं,’ ती म्हणाली, ‘पण ते कार्ड तसंच राहिलं. तुझ्या इस्त्रीवालीकडे बघितलं की मला ते आठवायचं. तिला ऐकलं असतं तर जुनं कार्ड बाहेर काढावं लागलं असतं.’

अठरा वर्षं मी कशावर चिडलो होतो ते तेव्हा कळलं. मला वाईट वाटलं, पण माझं वाईट वाटणंसुद्धा रागासारखंच बाहेर पडतं. मी म्हटलं, कार्ड फाड आणि विषय संपव. चार दिवस राहिलेत, सव्वीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही, आता काय लागतोय. शिपायाला अक्षरांतलं काही कळत नाही, मी तर बोलणारच नाही.

तेव्हा तिनं संपादकबाईंची गोष्ट सांगितली. चौदा वर्षांपूर्वी त्या बाई शिकाऊ म्हणून आल्या तेव्हा एक कार्ड त्यांनी घरी बसून लिहिलं होतं. आत्यानं ते पकडलं, आणि एक खोटं म्हणजे सगळ्यांचा भरवसा गेला असं म्हणून त्यांचा अख्खा खण परत केला. तीनशे कार्डं पुन्हा ऐकून आणायची. बाई जिन्यात बसून रडल्या होत्या. त्यांनी ती आणलीही. ‘तेव्हा माझं स्वतःचं खणातच होतं,’ आत्या म्हणाली. एवढं बोलून ती पुन्हा शेंगा निवडायला लागली.

मंगळवारी सकाळी ती संपादकबाईंच्या खोलीत गेली. मला म्हणाली बाहेर थांब, मी काही थांबलो नाही. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटत होतं की बाई म्हणतील, अहो सोडा, सदतीस वर्षांत एक. माणुसकी म्हणून तेवढं म्हणायला काही हरकत नव्हती. बाईंनी कार्ड उचलून वाचलं. मग उठून मोठ्या खोलीत फळ्यापाशी गेल्या, एकेक टाचणी स्वतःच्या हातानं काढली, सगळी कार्डं एका खणात भरली आणि तो खण आत्याच्या हातात दिला.

‘बाई, एक खोटं निघालं की अख्खा खण परत. हे मला तुम्हीच शिकवलंत,’ त्या म्हणाल्या. ‘शुक्रवारी पाचपर्यंत जेवढी ऐकून येतील तेवढीच छापीन.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौऱ्याण्णव कार्डं आणि दिवस चार! एवढ्या वर्षांचं काम, आणि कोशात ‘रन’पुढे दोन ओळी येणार. मी तोंड उघडणार एवढ्यात माझं आत्याकडे लक्ष गेलं. तिच्या चेहऱ्यावर अपमान शोधून सापडला नसता. उलट, दुखरा दात काढल्यावर माणूस दिसतो तशी ती दिसत होती. ‘बरोबर आहे तुझं,’ ती बाईंना म्हणाली, आणि मला म्हणाली, ‘गाडी काढ.’

चार दिवस लाँड्री बायको आणि इस्त्रीवाली दोघींनी सांभाळली आणि कपड्यांच्या गाडीतून मी आत्याला फिरवलं. गॅरेजमध्ये गेलो, मिस्त्रीनं इंजिन चालू केलं, कान लावला आणि म्हणाला ‘फुन्सियोना’. एक खूण. दवाखान्यात नर्सनं शेंबड्या पोराचं नाक पुसत ‘गोतेआ’ म्हटलं, म्हणजे ठिबकतंय. मोज्यांच्या दुकानात विक्रेतीनं उसवलेला धागा दाखवून ‘कार्रेरा’ म्हटलं, म्हणजे शर्यत. हे मात्र मला फार आवडलं. बेकरीवाली बाई म्हणाली की दुकान मी ‘येवो’, म्हणजे मी वाहून नेते, आणि ती ज्या तऱ्हेनं ते म्हणाली त्यावरून मला वाटलं की माझंही तेच चाललंय, मी काही ते रन करत नाही. नाटकाच्या थिएटरात द्वारपालाला नुसतं विचारलं की जुनं नाटक आहे का अजून, तर म्हणाला आहे की, ‘एन कार्तेल’, जाहिरातीच्या कागदावर आहे. इंग्रजीत ते नाटकही रनच होतं. फक्त पाणी तेवढं दोन्हीकडे पळतं. प्लंबरनं नळ सोडला आणि तोच साधा पळण्याचा शब्द वापरला, ‘कोर्रे’. आत्या त्याला म्हणाली, तुझ्यामुळे जरा दम खाता आला.

न विचारता माणसाच्या तोंडून शब्द पाडायचा म्हणजे काय ताप असतो हे मला तेव्हा कळलं. मला राहवायचं नाही. बस डेपोत तर मी जवळजवळ सुचवूनच टाकलं होतं, आत्यानं माझ्या पायावर पाय दिला. तिचे गुडघे दुखत होते, पायऱ्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागत होता, पण चार दिवसांत ती एकदाही करवादली नाही. माझ्या नाकी नऊ आले आणि ती गुणगुणत होती. गुरुवारी संध्याकाळी एका पायरीवर बसून म्हणाली, या शब्दानं मला इतकं फिरवलंय, पण या चार दिवसांइतकी मजा कधी आली नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत नव्वद झाली. नदीत उलट्या चढणाऱ्या माशांचं एक होतं, त्याला कोळी मिळाला नाही. आणखी दोन सुटली. उरलं एक, रंगाचं. आत्यानं ते शेवटी ठेवलं होतं.

सव्वातीनला आम्ही लाँड्रीत आलो. आत्या स्टुलावर बसली. पलीकडे इस्त्रीवाली वाफेच्या इस्त्रीखाली चादरी घेत होती आणि आमच्या खणाची तिला काही कल्पना नव्हती. आता अडचण अशी की माझ्या दुकानात रंग जात नाही. वडिलांच्या वेळेपासून नाही. प्रत्येक नवा रंगीत कपडा आधी कोपरा भिजवून बघायचा, मगच पाण्यात टाकायचा. याच गोष्टीवर आमचं नाव आहे. अठरा वर्षांत इस्त्रीवालीनं या दुकानात एकाचाही रंग दुसऱ्याला लागलेला पाहिला नव्हता, मग तिच्या तोंडून शब्द पडणार कसा? विचारायचं नाही. सुचवायचं नाही. घड्याळात साडेतीन.

आत्या म्हणाली, ‘राहू दे रे. नव्वद पुष्कळ झाली. हे छापलं नाही तर ती माझी शिक्षाच समजेन.’

ती हे अगदी शांतपणे म्हणाली, म्हणूनच मला ते सहन झालं नाही. बायकोनं कालच आणलेला लाल टॉवेल पिशवीत होता, न धुतलेला, भडक. तो मी उचलला. आता पांढरं काहीतरी पाहिजे. दुकानभर पांढरं होतं, पण ते सगळं गिऱ्हाइकांचं, त्याला हात लावणं शक्य नव्हतं. माझ्या मालकीचं पांढरं एकच होतं. खिळ्यावर वडिलांचा कोट टांगलेला असतो, गल्ल्यावर बसताना ते घालायचे तो. दर महिन्याला मी तो माझ्या हातानं धुतो. मी तो काढला. आत्या उठून उभी राहिली आणि नको म्हणाली, दोनदा म्हणाली. मी टॉवेल आणि कोट एकत्र गरम पाण्यात टाकले आणि मशीन सुरू केलं.

वीस मिनिटांनी झाकण उघडून ओला कोट बाहेर काढला आणि इस्त्रीवालीच्या टेबलावर ठेवला. गुलाबी झाला होता. सगळीकडे एकसारखा पण नाही, कॉलर गडद, पाठ फिकी. तिनं आधी कोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग जी सुरू झाली ती थांबेना. मालक असून अक्कल गहाण टाकली का, मोठ्या मालकांचा कोट, नवा लाल कपडा, शेंबड्या पोराला कळतं ते तुम्हाला कळत नाही का.

‘देस्तिन्ये!’ टॉवेल माझ्या नाकापुढे धरून ती म्हणाली. ‘लाल आहे तो, मालक, देस्तिन्ये, देस्तिन्ये!’

मी आत्याकडे बघितलं. शब्द तोच होता. सव्वीस वर्षं जो तिला टोचत होता तो शब्द पहिल्यापासून बरोबर होता. मी हसायला लागलो आणि म्हटलं, बघ, उगाच जीव जाळलास, बरोबरच लिहिलं होतंस की. ती मात्र हसली नाही. डोळे भरून आले होते तिचे. ‘बरोबर होतं,’ ती म्हणाली, ‘पण ऐकलेलं नव्हतं.’ मग पिशवीतून नवं कोरं कार्ड काढलं, गल्ल्यावर ठेवून सावकाश लिहिलं, ‘इस्त्रीवाली, भाच्याच्या लाँड्रीत’, आजची तारीख घातली आणि हिरवी खूण केली. इस्त्रीवालीला तिनं सगळं सांगितलं तेव्हा ती बाई लाजून चूर झाली, आणि मग मला म्हणाली, आधी सांगितलं असतं तर जरा बऱ्या शब्दांत बोलले असते.

पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना आम्ही कचेरीत पोहोचलो. संपादकबाईंनी एक्क्याण्णव कार्डं मोजली, शेवटचं वाचलं, आणि आत्यासाठी स्वतःची खुर्ची ओढली. ‘मला सतरा दिवस लागले होते, बाई,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याकडे गाडी होती,’ आत्या म्हणाली. मग दोघींनी मिळून कार्डं पुन्हा फळ्यावर टाचली. जुनं कार्डसुद्धा आत्यानं नव्याच्या शेजारी लावलं, हिरव्या खुणेवर काट मारून. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं म्हणाली.

आता ती रोज दुपारी लाँड्रीत येते. स्टूल इस्त्रीवालीच्या टेबलाशी सरकलंय, दोघी संध्याकाळपर्यंत बोलत असतात आणि माझ्या कामाचा खोळंबा करतात. कोट पुन्हा खिळ्यावर आहे. नव्या गिऱ्हाइकानं कोटाकडे बघून नाक मुरडलं आणि तुमच्याकडे रंग जातो वाटतं असं विचारलं की मी म्हणतो, हो, एकदा गेला.